न बोलावलेले पाहुणे

घरातला कॉम्प्युटर हळू चालायला लागला की आपण म्हणतो, म्हातारा झाला बिचारा. पण तो खरंच थकलेला असतो, की नको त्या कामांनी थकवलेला? नवा घेण्याआधी आणि फॉरमॅट मारण्याआधी एकदा आत डोकावून तर बघू या!

आमच्या घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला किती वेळ घेतो, हे मी कुकरच्या शिट्ट्यांवर सांगायची. सकाळी बटण दाबायचं, तांदूळ धुवायचे, डाळ-भाताचे डबे आत ठेवायचे, कुकर लावायचा. दुसऱ्या शिट्टीला पडदा उजळायचा, तिसऱ्या शिट्टीला चित्रं उमटायची आणि गॅस बंद करून मी हात पुसत आले तरी माउसचा बाण जागचा हलत नसायचा. एकदा घड्याळ लावून पाहिलं, अकरा मिनिटं! पण सवय झाली होती. घरातल्या हळू चालणाऱ्या गोष्टींची आपल्याला सवय होऊनच जाते.

खरी पंचाईत झाली ती एका शनिवारी संध्याकाळी.

मी आमच्या बचत गटाची सचिव. आम्ही अकराजणी. कोणी किती बचत भरली, कोणाला किती अंतर्गत कर्ज दिलं, कोणाचा हप्ता राहिला, हा सगळा हिशेब मी याच कॉम्प्युटरवर ठेवते. शेवयांचं यंत्र घ्यायचं म्हणून आम्ही बँकेकडे कर्ज मागितलं होतं. सोमवारी सकाळी अकरा वाजता तीन वर्षांचा हिशेब छापून न्यायचा होता. शनिवारी मी फाइल उघडायला बसले, तर ते निळं चक्र नुसतं फिरत राहिलं. अर्धा तास झाला तरी फिरतंच आहे!

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या पोराला बोलावलं. त्यानं दोन-चार कळा दाबल्या, मान हलवली आणि म्हणाला, "काकू, फॉरमॅट मारावा लागेल. पाचशे रुपये होतील."

"आणि आतलं सगळं?"

"ते जाईल. बॅकअप असेल ना तुमच्याकडे?"

बॅकअप नव्हता. आत हिशेब होता. माझ्या वडिलांचे शेवटच्या वर्षातले फोटो होते. माझ्या पोटात खड्डा पडला. त्या पोराला म्हटलं, उद्या सांगते.

आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "सात वर्षं झाली त्याला. म्हातारा झालाय तो. दिवाळीत नवा बघू."

दिवाळीत! मला सोमवारी हवा होता. आणि 'म्हातारा झालाय' हे काही मला पटेना. आमच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. नको ती ओझी गळ्यात घातली नाहीत, तर आजही दहा माणसांच्या भाकऱ्या थापतात. वय झालं म्हणजे काम संपलं, असं कुठे असतं?

शेवटी लेकीला फोन लावला. ती पुण्याला होस्टेलवर असते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, रडू नकोस. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप, तिन्ही बटणं एकदम दाब. काय दिसतंय ते मला वाचून दाखव."

मी एमएस-सीआयटी केलेली बाई. सर्टिफिकेट कपाटात आहे. वर्ड आलं, एक्सेल आलं, पण ही तीन बटणं एकदम दाबायचं काही माझ्या लक्षात नव्हतं. दाबली. बऱ्याच वेळानं एक चौकट उघडली. टास्क मॅनेजर.

ओटा, माळा आणि शेगडी

हा टास्क मॅनेजर काही नवा नाही. विंडोजमध्ये तो १९९६ साली, विंडोज एनटी ४ बरोबर आला. मायक्रोसॉफ्टमधल्या डेव्ह प्लमर नावाच्या इंजिनिअरनं तो लिहिला. म्हणजे इतकी वर्षं तो आपल्या कॉम्प्युटरच्या पोटात बसून आहे आणि आपण त्याला हाक मारलेली नाही! फुकट आहे, वेगळा घ्यावा लागत नाही, इंटरनेटही लागत नाही.

त्यात प्रोग्रॅमची लांबलचक यादी होती आणि वर आकडे. "मेमरी ९२ टक्के, डिस्क १०० टक्के," मी वाचलं. लेक म्हणाली, "बघ, सापडलं!"

मला काही सापडलेलं नव्हतं. मग तिनं मला स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

कॉम्प्युटरची हार्ड डिस्क म्हणजे आपला माळा. सगळं सामान तिथे कायमचं ठेवलेलं असतं. मेमरी, म्हणजे रॅम, हा आपला ओटा. जे काम आत्ता चाललंय तेवढंच सामान ओट्यावर येतं. आणि प्रोसेसर म्हणजे शेगडी, प्रत्यक्ष काम तिच्यावर होतं. माळा कितीही मोठा असला तरी ओटा लहानच असतो. आमच्या कॉम्प्युटरचा ओटा चार जीबीचा.

आता समजा, सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात जायच्या आधीच कोणी तरी ओट्यावर मिक्सर, पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, पापडाचं पोळपाट, सगळं काढून मांडून ठेवलंय. तुम्हाला करायची आहे नुसती पोळी. पण पोळपाट ठेवायला जागा नाही. मग तुम्ही काय कराल? एक वस्तू उचलून माळ्यावर टाकाल, पोळी लाटाल. पुन्हा ती वस्तू लागली की शिडी लावून खाली काढाल. कॉम्प्युटर अगदी हेच करतो. ओटा भरला की तो सामान हार्ड डिस्कवर टाकतो आणि लागेल तसं परत खाली आणतो. दिवसभर त्याची शिडीवर चढ-उतर चाललेली असते. ते निळं चक्र फिरतं ना, त्यातला बराचसा वेळ हा शिडीवरचा असतो.

म्हणजे कॉम्प्युटर आळशी नव्हता. उलट तो मरमर मरत होता. फक्त माझं काम करत नव्हता!

लेक म्हणाली, "मेमरी असं लिहिलंय त्यावर क्लिक कर. जास्त जागा खाणारे वर येतील." वर आले. ब्राउझर, एक गेमचा प्रोग्रॅम, मीटिंगचा प्रोग्रॅम. यातलं मी काहीच उघडलेलं नव्हतं, ब्राउझर सोडून. तिनं सांगितलं तसं एकेकावर उजवं क्लिक करून 'एंड टास्क' केलं. मेमरी ९२ वरून ६१ वर आली. आणि पाचेक मिनिटांत माझी हिशेबाची फाइल उघडली!

"आता आधी काय करायचं?" लेकीनं विचारलं.

"प्रिंट."

"नाही आई. आधी पेन ड्राइव्हवर कॉपी. फाइल पण आणि आजोबांचे फोटो पण. प्रिंट नंतर."

मैत्रिणींनो, हा पहिला धडा. कॉम्प्युटर कुरकुर करायला लागला की आधी आपली मौल्यवान वस्तू दुसरीकडे हलवायची. दुरुस्ती मग.

यादी वाचली आणि डोळे उघडले

त्या रात्री हिशेब तर वाचला. पण लेक म्हणाली, "उद्या सकाळी सुरू केलास की हे सगळे परत येऊन बसतील. एंड टास्क म्हणजे पाहुण्याला आजच्यापुरतं उठवलं. रोज बोलावणं कोण धाडतंय ते बघायला हवं."

टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' नावाचा भाग असतो. विंडोज १० मध्ये तो वरच्या पट्टीत दिसतो. चौकट छोटीच उघडली, तर आधी खाली 'मोअर डिटेल्स' वर क्लिक करायचं. विंडोज ११ मध्ये तो डाव्या बाजूला 'स्टार्टअप अ‍ॅप्स' या नावानं असतो. कॉम्प्युटर सुरू झाला की कोणी कोणी आपोआप उठून कामाला लागायचं, याची ही यादी. प्रत्येकासमोर लिहिलेलं असतं की तो सुरू करण्यावर किती भार टाकतो: हाय, मीडियम की लो.

आमच्याकडे या यादीत एकोणीस नावं होती!

रविवारी दुपारी, सगळे झोपल्यावर, मी ती यादी घेऊन बसले. आणि खरं सांगते, ती वाचताना मला आमच्या घराची गेल्या सहा-सात वर्षांची गोष्टच दिसायला लागली. मीटिंगचे तीन प्रोग्रॅम होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लेकीची शाळा एकावर, क्लास दुसऱ्यावर आणि भाच्याच्या बारशाचा व्हिडिओ कॉल तिसऱ्यावर! शाळा संपली, क्लास संपला, ते बाळ आता शाळेत जायला लागलं. पण तिन्ही प्रोग्रॅम रोज सकाळी उठून आमची वाट बघत बसलेले. मुलाच्या गेमचा एक प्रोग्रॅम होता. तो गेम त्यानं कधीच सोडला. ह्यांच्या जुन्या फोनमधले फोटो उतरवायचा प्रोग्रॅम होता. तो फोन आम्ही गावाकडच्या दिरांना देऊन टाकला, त्यालाही जमाना झाला. आणि सगळ्यात वाईट वाटलं ते प्रिंटरचं. आमचा पहिला प्रिंटर दोन पावसाळ्यांमागे भंगारात गेला. पण त्याची शाई किती उरली हे पाहणारा प्रोग्रॅम अजून रोज सकाळी उठतो आणि त्या नसलेल्या प्रिंटरला शोधत बसतो!

यातलं एकही नाव चोर नव्हतं. प्रत्येकाला कधी तरी आपणच घरात घेतलेलं होतं. फक्त काम झाल्यावर 'या आता' म्हणायचं राहून गेलं.

आणि काही आपल्या नकळत शिरलेले असतात. एखादा प्रोग्रॅम भरताना आपण काय करतो? नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश! मधल्या एखाद्या पानावर छोट्या चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली असते: 'हेही सोबत घ्या', 'कॉम्प्युटर सुरू होताच मलाही सुरू करा'. आपण न वाचता पुढे जातो. भाजीवाल्यानं मुठीतनं सडकी मिरची टाकली तर आपण लगेच ओळखतो, इथे मात्र डोळे मिटून पिशवी पुढे करतो. यापुढे भरताना एकेक पान वाचायचं, 'कस्टम' असा पर्याय असेल तर तो घ्यायचा आणि नको त्या खुणा काढून टाकायच्या.

तीन वेगळी कामं

इथे तीन गोष्टींचा फरक समजून घेतला, की निम्मी भीती जाते.

पहिलं, एंड टास्क. हे आजच्यापुरतं. चालू असलेलं काम थांबतं. त्यात काही लिहीत असाल आणि सेव्ह केलं नसेल तर तेवढं जातं. कॉम्प्युटर परत सुरू केला की तो प्रोग्रॅम पुन्हा येऊ शकतो.

दुसरं, डिसेबल. स्टार्टअपच्या यादीत नावावर उजवं क्लिक करून हे करायचं. यानं प्रोग्रॅम घरातून जात नाही. फक्त न बोलावता येणं बंद होतं. तुम्ही बोलावलंत की हजर! आणि चुकून भलत्यालाच डिसेबल केलं, तर त्याच जागी जाऊन 'एनेबल' करता येतं. म्हणून सुरुवात नेहमी इथून करावी.

तिसरं, अनइन्स्टॉल. म्हणजे घरातून कायमचा निरोप. सेटिंग्जमध्ये जाऊन 'अ‍ॅप्स' मध्ये यादी मिळते. ज्याचं काम उरलेलंच नाही, जसा आमचा शाईवाला, त्याच्यासाठीच हे करावं.

मी एकोणीसपैकी बाराजणांना डिसेबल केलं आणि मोठ्या ऐटीत उठले. सोमवारी पहाटे बँकेच्या अर्जाला जोडायचं पत्र टाइप करायला बसले, तर मराठी अक्षरच उमटेना! घाम फुटला. झालं होतं काय, की जोशात मी मराठी टाइपिंगचा प्रोग्रॅमही डिसेबल केला होता. तो पाठीमागे चालू असतो म्हणूनच मराठी उमटतं, हे डोक्यातच आलं नाही. परत जाऊन एनेबल केलं, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, मराठी आलं. पण दुसरा धडा मिळाला: एका वेळी दोन किंवा तीनच. डिसेबल करायचं, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा, दिवसभर वापरून बघायचं, मग पुढचे. आणि काय बंद केलं ते वहीत लिहून ठेवायचं. आपण दुधाचा हिशेब लिहितो तसं.

यांना हात लावू नका

सगळेच पाहुणे नको असलेले नसतात. काही घरचीच माणसं असतात.

अँटिव्हायरस बंद करू नका. विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस आलेलाच असतो. तो टास्क मॅनेजरमध्ये 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' अशा अगडबंब नावानं दिसतो. अधूनमधून तो बरीच शेगडी अडवतो, कारण तो घराची झडती घेत असतो. झाली की शांत होतो. मात्र बाहेरचे दोन-दोन अँटिव्हायरस घरात ठेवू नका. दोन चौकीदार दिवसभर एकमेकांचीच झडती घेत बसतात आणि आपलं काम राहतं बाजूला.

आवाजाचा, लॅपटॉप असेल तर टचपॅडचा आणि मराठी टाइपिंगचा प्रोग्रॅम राहू द्या. ज्या नावाखाली प्रकाशक म्हणून मायक्रोसॉफ्ट लिहिलंय आणि तुम्हाला ते काय आहे कळत नाही, तेही राहू द्या. कुठलंही नाव अनोळखी वाटलं तर त्यावर उजवं क्लिक करून 'सर्च ऑनलाइन' म्हटलं, की त्याची माहिती शोधून मिळते. ती वाचूनच निर्णय घ्या.

आणि एक गंमत. 'डिटेल्स' भागात 'सिस्टिम आयडल प्रोसेस' नावाचं एक नाव दिसेल आणि त्यासमोर ९०-९५ असा भला मोठा आकडा. मला वाटलं, हाच तो! लेक खो-खो हसली. म्हणाली, "आई, आयडल म्हणजे रिकामं. तो आकडा शेगडी किती रिकामी आहे ते सांगतो." म्हणजे तो जितका मोठा तितकं चांगलं.

आठवड्यातून एकदाच उघडता?

बऱ्याच घरांत कॉम्प्युटर रोज लागत नाही. रविवारी एखादा फॉर्म भरायला उघडला तर उघडला. आणि नेमका तेव्हाच तो रडतो. याचं कारण साधं आहे. आठवडाभर साचलेली कामं त्याला त्याच वेळी आठवतात. विंडोजचं अपडेट, अँटिव्हायरसचं अपडेट, ब्राउझरचं अपडेट, सगळी एकदम. चार दिवस बंद असलेलं घर उघडलं की केर, भांडी, दूध, पेपरवाला सगळं एकाच वेळी अंगावर येतं ना, तसं.

यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा काम नसतानाही कॉम्प्युटर सुरू करून, नेट जोडून तासभर नुसता सोडायचा. आपण आपलं काम करावं, त्यानं त्याचं. मी शनिवारी दुपारी निवडण-टिपण करताना सोडते. आणि महत्त्वाचा फॉर्म शेवटच्या दिवशी भरायचा असेल तर आदल्या रात्रीच हे उरकून घ्यावं.

आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. आपण 'शट डाउन' केलं की सगळं धुऊन-पुसून स्वच्छ झालं असं वाटतं. पण विंडोज ८ पासून लवकर सुरू होण्याची एक सोय आली आहे. ती चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज स्वतःचा आतला काही भाग झाकून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच पुढे चालवतं. 'रिस्टार्ट' केलं की मात्र सगळं नव्यानं मांडलं जातं. म्हणून कॉम्प्युटर विचित्र वागायला लागला तर शट डाउन करून उपयोग झाला नाही असं म्हणू नका, रिस्टार्ट करून बघा.

ब्राउझरचंही तसंच. वरची फुली मारली म्हणजे तो गेला असं नाही. क्रोम बंद केल्यावरही त्याचे काही प्रोग्रॅम पाठीमागे चालू ठेवायचे की नाही, याचा एक खटका त्याच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' या भागात असतो. एजमध्येही 'सिस्टिम' च्या भागात तसाच खटका आहे आणि 'स्टार्टअप बूस्ट' नावाचा आणखी एक. लागत नसतील तर बंद ठेवा. आणि त्या वरच्या वीस-वीस टॅब! एक रेसिपी, एक साडी, एक निकाल, एक भविष्य. प्रत्येक उघडी टॅब ओट्यावरची एकेक वाटी असते. वाचून झालं की उचलावी.

फुकटचे वैद्य

आता जरा गंभीर गोष्ट. कॉम्प्युटर हळू झाला की आपण हवालदिल होतो आणि त्याच वेळी पडद्यावर एखादी पाटी झळकते. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे', 'एका क्लिकमध्ये वेग वाढवा', 'ताबडतोब या नंबरवर फोन करा'. अशा पाटीवर क्लिक करू नका आणि त्या नंबरवर फोन तर मुळीच करू नका. मायक्रोसॉफ्टनं स्पष्ट सांगितलं आहे की त्यांच्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. समोरचा गोड बोलून एक प्रोग्रॅम भरायला सांगतो आणि आपला पडदा त्याच्या ताब्यात जातो. मग बँकेचं खातं त्याच्यापासून लांब नसतं.

वेग वाढवून देतो म्हणणारे फुकट प्रोग्रॅमही नकोत. ते स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात. ओटा मोकळा करायला आलेला माणूस स्वतःची पथारी ओट्यावर पसरतो, असला प्रकार! आणि तुम्ही काहीही उघडलेलं नसताना शेगडी, म्हणजे सीपीयू, सतत ८०-९० टक्क्यांवर असेल, पंखा घोंघावत असेल आणि नाव अनोळखी असेल, तर विंडोजच्या अँटिव्हायरसकडून 'फुल स्कॅन' करून घ्या. चोरून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपलं काम उरकणारे प्रोग्रॅमही असतात.

फसवणूक झालीच, पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी मदत क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

एवढं करूनही हळूच असेल तर?

खोटं कशाला सांगू? यादी साफ केल्यावर आमचा कॉम्प्युटर अकरा मिनिटांवरून चार मिनिटांवर आला. विमान नाही झाला. चार जीबीचा ओटा आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क, यांना मर्यादा असतेच. पुढे सहा महिन्यांनी आम्ही त्याच दुरुस्तीवाल्या पोराकडून जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवून घेतली आणि रॅम आठ जीबी केली. आता पहिल्या शिट्टीच्या आत सुरू होतो. नव्या कॉम्प्युटरच्या मानानं खर्च बराच कमी आला. पण हे दुकानात जाऊन मागायला आधी आपल्याला काय कमी पडतंय हे माहीत हवं. 'मेमरी ९२, डिस्क १००' हे दोन आकडे सांगितले, तसं त्या पोरानं मला 'काकू' म्हणता म्हणता खुर्ची पुढे केली!

आणखी एक लक्षात ठेवा. विंडोज १० ला नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरच्या वापरासाठी, नाव नोंदवणाऱ्यांना सुरक्षेच्या अपडेटची वाढीव सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली. जुने सगळेच कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नाहीत. तेव्हा बँकेची कामं ज्यावर करता त्या कॉम्प्युटरबद्दल जाणत्या माणसाला विचारून घ्या. वेग आणि सुरक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादी साफ केल्यानं वेग येतो, दाराची कडी मजबूत होत नाही.

सोमवारी अकरा वाजता आम्ही तिघीजणी बँकेत गेलो. हिशेबाची पानं साहेबांनी चाळली, दोन ठिकाणी बोट ठेवून विचारलं, मी सांगितलं. पुढच्या महिन्यात कर्ज मिळालं. यंत्र आता आमच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये धडधडतंय. शेवया कोणाला हव्या असतील तर कळवा!

गटाच्या पुढच्या बैठकीत मी ही सगळी हकीकत सांगितली. बैठक संपल्यावर आमच्या खजिनदार बाई मागे रेंगाळल्या. म्हणाल्या, "ताई, आमच्याकडचा पण फार रडतो हो. मुलगा म्हणतो, तू हात लावू नकोस, बिघडेल. तुम्ही येऊन बघाल का?"

मी म्हटलं, "येईन. पण मी शेजारच्या खुर्चीवर बसणार. बटणं तुम्ही दाबायची."

---

एवढं वहीत टिपून ठेवा

• सगळ्यात आधी महत्त्वाच्या फाइली आणि फोटो पेन ड्राइव्हवर घ्या.

• कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो.

• स्टार्टअपच्या यादीत नको त्या नावावर उजवं क्लिक, मग डिसेबल. एका वेळी दोन-तीनच.

• अँटिव्हायरस, आवाज, टचपॅड, मराठी टाइपिंग आणि अनोळखी विंडोजची नावं यांना हात लावू नका.

• आठवड्यातून एकदा नेट जोडून तासभर चालू सोडा. अडलं तर शट डाउनऐवजी रिस्टार्ट करा.

• पडद्यावरच्या पाटीतल्या नंबरवर फोन करू नका. फसवणूक झाली तर लगेच १९३०.